राजघराण्यांतली लग्नं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेराण्यांच्या लग्नांबद्दल शोधायला बसलं की पोशाख, दागिने आणि प्रेमकथा ढिगाने सापडतात. त्या लग्नांचे करारनामे मात्र फारसे कोणी उघडत नाही. खरा मजकूर त्यांतच असतो, म्हणून इथली बहुतेक उत्तरं त्या कागदांपासून सुरू होतात.

राजघराण्यात लग्न हे राजकारण का मानलं जायचं?

राज्य ही घराण्याची मिळकत समजली जायची आणि मिळकत वारसाने पुढे जाते. त्यामुळे आज कोणाची मुलगी कोणाच्या घरी गेली, यावरून पुढच्या पिढीत मुलूख कोणाचा हे ठरायचं. दुसरं कारण साधं आहे: लेकीच्या सासरावर सहजासहजी कोणी फौज नेणार नाही, अशी आशा असे.

ही रीत फार जुनी. इ.स.पू. ३०५ ते ३०३ च्या सुमारास सेल्युकस आणि चंद्रगुप्त मौर्य यांच्यात तह झाला. सेल्युकसने सिंधूपलीकडचा मुलूख सोडला, चंद्रगुप्ताने ५०० हत्ती दिले आणि दोन्हीकडे विवाहसंबंधाची तरतूद झाली. इजिप्तचा दुसरा रामसेस आणि हित्ती राजा यांचा तह आधी झाला आणि हित्ती राजकन्या १३ वर्षांनी इजिप्तला गेली. म्हणजे मैत्रीवर शिक्का म्हणून लग्न.

मुलगी देणारा लहान की घेणारा, हा मानपानही तेव्हापासूनचा. इजिप्तमधल्या अमार्ना इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांत बाबिलोनच्या राजाची तक्रार आहे. इजिप्तच्या राजाने त्याला कळवलं होतं की आमच्याकडची राजकन्या आजवर कोणाला दिलेली नाही. त्यावर बाबिलोनचा राजा लिहितो की मग दुसरी एखादी देखणी स्त्री पाठवा, ती राजकन्या नाही असं इथे कोण म्हणणार? त्याला बायकोपेक्षा बरोबरीचा मान हवा होता.

अशा लग्नांनी शांतता टिकायची का?

थोडे दिवस. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांनी १५०२ साली 'कायमच्या शांततेचा' तह केला आणि १५०३ मध्ये सातव्या हेन्रीची मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला दिली. दहाच वर्षांनी, ९ सप्टेंबर १५१३ रोजी, जेम्स फ्लॉडनच्या लढाईत आपल्याच मेहुण्याच्या, म्हणजे आठव्या हेन्रीच्या, फौजेशी लढताना मारला गेला. तहाचा जो हेतू होता तो फसला. पण १६०३ मध्ये एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली, तेव्हा याच मार्गारेटचा पणतू सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला आणि दोन्ही मुकुट एका डोक्यावर आले. लग्न लावणाऱ्यांना जे हवं होतं ते क्वचित मिळालं. भलतंच काहीतरी, दोन-तीन पिढ्यांनी, मिळालं.

सोयरीक ठरण्यापासून लग्नापर्यंत पायऱ्या कोणत्या असत?

मध्ययुगीन आणि त्यानंतरच्या युरोपात क्रम साधारण असा असे.

आधी वकील चाचपणी करायचे: मुलीचं वय, प्रकृती, घराण्यात मुलं जगतात का. मग चित्रकार जायचा. १५३९ मध्ये हान्स होल्बाइनने क्लीव्हच्या अ‍ॅनचं चित्र काढून आणलं, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आठव्या हेन्रीने ६ जानेवारी १५४० ला तिच्याशी लग्न केलं आणि त्याच वर्षी ९ जुलैला ते रद्दबातल झालं.

त्यानंतर सापिंड्याचा प्रश्न. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने निषिद्ध नातं सात पिढ्यांवरून चार पिढ्यांवर आणलं. तरी राजघराणी एकमेकांत इतकी गुंतलेली होती की पोपचा सवलतीचा हुकूम बहुधा लागायचाच. तो वेळेवर आला नाही तर? कास्तीलची इसाबेल आणि आरागॉनचा फर्डिनांड यांनी १९ ऑक्टोबर १४६९ रोजी वायादोलीदला लग्न केलं, तेव्हा दाखवलेला पोपचा हुकूम चक्क बनावट होता. खरा हुकूम १४७१ मध्ये मिळाला.

मग याद्या. त्यांत चार कलमं नेमाने असत: वधूपक्षाने द्यायची रक्कम आणि तिचे हप्ते, विधवा झाल्यास राणीच्या निर्वाहासाठी तोडून द्यायच्या जहागिरी, धर्म, आणि माहेरच्या गादीवरचं हक्कसोडपत्र. चौथ्या कलमावरून सर्वांत जास्त रक्त सांडलं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शेवटी वाङ्निश्चय. 'मी लग्न करीन' असं म्हटलं तर तो मोडता येई, 'मी लग्न करतो' असं म्हटलं की ते लग्नच. या दोन शब्दांमधल्या फटीतून पुढे असंख्य लग्नं रद्द झाली. क्लीव्हच्या अ‍ॅनचं लग्न मोडताना लहानपणी लॉरेनच्या राजपुत्राशी झालेला तिचा वाङ्निश्चय हेही एक कारण दाखवलं गेलं.

नवरदेव हजर नसताना लग्न कसं लागायचं?

प्रतिनिधीमार्फत. दोन राजधान्यांत महिन्याभराचा प्रवास असे आणि वधू वाटेत असताना कोणी करार मोडू नये, म्हणून तिच्या घरीच विधी उरकून घेत. आपल्याकडच्या काही राजघराण्यांत वराऐवजी त्याची तलवार पाठवून खांडा लावत, त्यामागची सोयही अशीच.

डिसेंबर १४९० मध्ये ब्रिटनी प्रांताची (फ्रान्सच्या वायव्येचा) वारस अ‍ॅन मॅक्सिमिलियन हॅब्सबर्गला अशी दिली गेली. त्याच्या प्रतिनिधीने एक पाय उघडा करून वधूच्या बिछान्यात ठेवला, साक्षीदारांनी पाहिलं, लग्न पूर्ण झालं असं मानलं गेलं. फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने ते मानलं नाही. त्याने ब्रिटनीला वेढा घातला आणि ६ डिसेंबर १४९१ रोजी स्वतःच अ‍ॅनशी लग्न केलं. त्याचा वाङ्निश्चय तोवर झाला होता मॅक्सिमिलियनच्याच मुलीशी, आणि ती मुलगी फ्रान्सच्या दरबारात वाढत होती. तिला १४९३ मध्ये परत पाठवलं. करारात आणखी एक कलम होतं: चार्ल्स पुत्राविना गेला तर अ‍ॅनने त्याच्या वारसाशी लग्न करायचं. तसंच झालं, १४९९ मध्ये ती बाराव्या लुईची राणी झाली. फ्रान्सला प्रांत सोडायचा नव्हता, आणि प्रांत तिच्या नावावर होता.

मुलीला निरोप कसा दिला जायचा?

सरहद्दीवर 'सोपवणी' व्हायची. मारी आंत्वानेत १४ वर्षांची होती. १९ एप्रिल १७७० ला व्हिएन्नात तिच्या सख्ख्या भावाने वराच्या जागी उभं राहून विधी केला. ७ मे रोजी स्ट्रासबुर्गजवळ ऱ्हाइन नदीतल्या बेटावर या कामासाठी लाकडी मंडप उभारला होता. त्याची एक बाजू ऑस्ट्रियाची, दुसरी फ्रान्सची. एका बाजूने ती आत गेली, कागदांवर सह्या झाल्या, आणि दुसऱ्या बाजूने फ्रान्समध्ये बाहेर पडली. तिच्यासोबत आलेल्या पाठराखणी तिथूनच मागे फिरल्या. इतक्या लहान वयात भाषा, माणसं, ओळख सगळं एका दालनात बदलायचं, आणि याला दोन्ही दरबारांत फक्त शिष्टाचार म्हणत. या लग्नांचा इतिहास सांगताना ते दालन वगळू नये.

मुंबई खरंच हुंड्यात दिली होती का?

हो, पण 'दिली' आणि 'मिळाली' यांत जवळजवळ चार वर्षं गेली.

इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झा यांचा करार २३ जून १६६१ चा. चार्ल्सला २० लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबईचं बंदर व बेट मिळणार होतं. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध पोर्तुगालला लष्करी मदत करायची. लग्न मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला झालं. रोख रक्कम लिस्बनमध्ये पुरी जमलीच नाही. तिच्यातला मोठा भाग साखर, इतर माल आणि विनिमयपत्रं यांच्या रूपात भरला गेला.

मुंबईचा ताबा घ्यायला गेलेल्या सर अब्राहम शिपमनला पोर्तुगीज व्हाइसरॉयने अधिकारपत्रातली खोट काढून परत लावलं. भांडण मुख्यतः एका शब्दाचं होतं: मुंबई म्हणजे किती? इंग्रजांना साष्टी आणि ठाणंही त्यात हवं होतं, पोर्तुगीज म्हणत एकच बेट. शिपमनची फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबली आणि तापाने तिची दैना झाली. शिपमनही तिथेच मेला. शेवटी त्याचा सचिव हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये, उरलेल्या मूठभर सैनिकांसह, पोर्तुगीजांच्या अटींवर ताबा घेतला. राजाला या बेटाचा खर्च परवडेना. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊन टाकलं.

म्हणून 'मुंबई आंदण दिली' हे वाक्य बरोबर असलं तरी 'आजची मुंबई आंदण दिली' हे चूक आहे. करारात एक बेट होतं.

हुंडा थकला तर काय व्हायचं?

युद्ध. १६५९ च्या पिरिनीजच्या तहाप्रमाणे स्पेनची मारिया तेरेसा चौदाव्या लुईला दिली गेली. तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडला, पण फ्रेंच वकिलांनी हक्कसोडीला ५ लाख सुवर्ण एक्यूंच्या (फ्रेंच नाण्यांच्या) हुंड्याची अट जोडून ठेवली. स्पेनची तिजोरी रिकामी होती. पैसे आले नाहीत, म्हणून हक्क सुटला नाही, असा फ्रान्सचा दावा उभा राहिला. १६६७ मध्ये लुईने या आधारावर स्पॅनिश नेदरलँड्सवर चढाई केली आणि लील शहर मिळवलं. १७०० मध्ये स्पेनचा दुसरा कार्लोस निपुत्रिक वारला, तेव्हा याच लग्नाच्या नात्यावर लुईचा नातू स्पेनचा राजा झाला आणि १७०१ ते १७१४ सारं पश्चिम युरोप लढत राहिलं.

लग्नामुळे दोन राज्यं एक व्हायची ना?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. लग्नाने राजा एक व्हायचा. कायदे, कर, सभा वेगळ्याच राहायच्या.

इसाबेल आणि फर्डिनांड यांच्या लग्नाने 'स्पेन तयार झाला' असं सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात १५०४ मध्ये इसाबेल वारली तेव्हा कास्तील फर्डिनांडकडे न जाता त्यांच्या मुलीकडे, हुआनाकडे, गेलं. फर्डिनांडने दुसरं लग्न केलं आणि १५०९ मध्ये त्याला मुलगा झाला. तो मुलगा काही तासांत गेला. जगला असता तर आरागॉन पुन्हा वेगळं झालं असतं.

हॅब्सबर्ग घराण्याचं साम्राज्य लग्नांवर उभं राहिलं हे खरं, पण त्यात मृत्यूंचा वाटा तितकाच आहे. मॅक्सिमिलियनने १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीशी लग्न केलं. त्यांच्या मुलाला, फिलिपला, १४९६ मध्ये हुआना दिली, तेव्हा ती वारसाच्या रांगेत मागे होती. मग तिचा भाऊ १४९७ मध्ये, मोठी बहीण १४९८ मध्ये आणि बहिणीचं बाळ १५०० मध्ये गेलं. त्यामुळे हुआनाचा मुलगा पाचवा चार्ल्स १५१६ मध्ये स्पेनचा राजा आणि १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झाला.

टिकाऊ एकीकरणाचं उदाहरण हवं असेल तर पोलंड-लिथुआनिया पाहावं. १३८६ मध्ये लिथुआनियाचा राजा यागेलो याने बाप्तिस्मा घेऊन पोलंडच्या याडविगाशी लग्न केलं आणि पुढच्या वर्षी लिथुआनिया ख्रिस्ती झाला. याडविगा तेव्हा जेमतेम बारा वर्षांची होती. तिचा आधीचा वाङ्निश्चय मोडल्याबद्दल ऑस्ट्रियाच्या विल्हेल्मला २ लाख फ्लोरिन भरपाई ठरली होती.

भारतातल्या राजविवाहांचं महत्त्व कशावरून कळतं?

नाणी आणि ताम्रपट यांवरून. पहिल्या चंद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा आणि राणी समोरासमोर उभे आहेत, दोघांचीही नावं आहेत: चंद्रगुप्त, कुमारदेवी. मागच्या बाजूला 'लिच्छवयः' अशी अक्षरं. राणीच्या माहेरचं कुळ नाण्यावर कोरणं ही साधी बाब नव्हे. त्यांचा मुलगा समुद्रगुप्त प्रयागच्या स्तंभलेखात स्वतःला 'लिच्छवि-दौहित्र' म्हणवतो. आईच्या घराण्यामुळे गादीला वजन आलं, हे त्याने लपवलं नाही.

याच घराण्यातली प्रभावतीगुप्ता विदर्भातल्या वाकाटकांकडे दिली होती. पती दुसरा रुद्रसेन लवकर वारला आणि तिने मुलांच्या वतीने राज्य चालवलं. नंदिवर्धनहून दिलेला तिचा ताम्रपट पुण्यात मिळाला. त्यात वंशावळ सासरची नाही, गुप्तांची आहे. हे वाचताना थबकायला होतं.

अकबराने १५६२ मध्ये आमेरच्या राजा भारमलच्या मुलीशी लग्न केलं, त्यानंतर आमेरच्या कछवाहा घराण्यातले सरदार मुघल लष्कराचा कणा झाले. तिला 'जोधाबाई' म्हणण्याची चूक टाळावी. तिचा किताब मरियम-उझ-झमानी होता, आणि जोधपूरची राजकन्या होती ती जहांगीरची राणी.

उलटं उदाहरणही आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेली सोयरीक स्वतः मोडली आणि १९१३ साली लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. दोन बलाढ्य मराठा घराण्यांची युती एका मुलीच्या नकाराने राहून गेली.

घटस्फोट नव्हता, मग राजे सुटायचे कसे?

'लग्न मुळात झालंच नव्हतं' असं ठरवून. नातं जवळचं निघालं, हे हुकमी कारण. अ‍ॅक्विटेनची एलेनॉर आणि फ्रान्सचा सातवा लुई २१ मार्च ११५२ ला सापिंड्याच्या कारणावरून विभक्त झाले. ५८ दिवसांनी तिने हेन्री प्लांटाजेनेटशी लग्न केलं, ज्याच्याशी तिचं नातं निदान तितकंच जवळचं होतं. ११५४ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला आणि फ्रान्सच्या नैऋत्येचा मोठा पट्टा इंग्लंडच्या राजाकडे गेला.

आठव्या हेन्रीची अडचण वेगळी होती. पहिली राणी, आरागॉनची कॅथरीन, ही त्याच्या भावाची विधवा, आणि त्या लग्नासाठी पोपची सवलत आधीच घेतलेली होती. ती सवलत चुकीची होती असं पोपनेच म्हणावं, अशी त्याची मागणी होती. त्यात कॅथरीनचा भाचा पाचवा चार्ल्स. त्याच्या फौजेने १५२७ मध्ये रोम लुटलं होतं. पोप हो म्हणणं शक्यच नव्हतं. १५३३ मध्ये इंग्लंडच्या आर्चबिशपने लग्न रद्द केलं आणि १५३४ च्या कायद्याने राजा चर्चचा प्रमुख झाला.

नात्यातल्या लग्नांचे परिणाम किती खरे, किती अतिरंजित?

स्पेनच्या दुसऱ्या कार्लोसच्या बाबतीत खरे. त्याचे आईवडील मामा-भाची होते आणि आधीच्या पिढ्यांतही तेच. त्याच्या वंशावळीवरून काढलेला अंतःप्रजनन गुणांक (आईवडिलांकडून एकाच पूर्वजाचं जनुक दुहेरी मिळण्याची शक्यता) ०.२५४ येतो. सख्ख्या भाऊबहिणींच्या अपत्याचा तो ०.२५ असतो.

व्हिक्टोरिया राणीच्या वंशातला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) मात्र नात्यातल्या लग्नांमुळे आला, हे चूक. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आईकडून मुलाकडे यायला वडील नात्यातले असण्याची गरज नाही. तो पसरला ते व्हिक्टोरियाच्या मुली आणि नाती वेगवेगळ्या दरबारांत दिल्यामुळे. रशियाचा युवराज अलेक्सेई असाच तिच्या नातीचा मुलगा.

असमान लग्न म्हणजे काय?

जर्मन आणि ऑस्ट्रियन परंपरेत कमी दर्जाच्या घराण्यातली वधू केली तर ती पत्नी ठरे, राणी नाही, आणि मुलांना गादी नाही. युवराज फ्रान्झ फर्डिनांडने २८ जून १९०० रोजी सोफी खोटेकसाठी शपथेवर हे मान्य केलं. दरबारी समारंभात ती त्याच्या शेजारी चालू शकत नसे. २८ जून १९१४ ला, त्या शपथेला १४ वर्षं पुरी झाली त्याच दिवशी, सारायेव्होत एकाच मोटारीत शेजारी बसलेले असताना दोघे मारले गेले.

ब्रिटनमध्ये ही सोय नव्हती. १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने ती सुचवली, मंत्रिमंडळ आणि वसाहती सरकारांनी नाकारली, आणि ११ डिसेंबरला तो पायउतार झाला.

आज राजघराण्यातल्यांना परवानगी लागते का?

लागते. ब्रिटनमध्ये १७७२ च्या कायद्याने दुसऱ्या जॉर्जच्या बहुतेक सर्व वंशजांना राजाची संमती लागे. मार्च २०१५ पासून ती वारसक्रमातल्या पहिल्या सहा जणांपुरतीच आहे. नेदरलँड्समध्ये संसदेची मंजुरी न घेता लग्न केलं तर वारसहक्क जातो. जपानमध्ये राजकन्येने बाहेरच्याशी लग्न केलं की ती राजघराण्यातून बाहेर पडते. २०२१ मध्ये माको राजकन्येने तसं केलं आणि सरकारी रकमही नाकारली.

सत्ता गेली तरी लोकांना इतकं आकर्षण का?

आमच्या मते याच्या उलट विचारायला हवं: सत्ता गेली म्हणूनच हे सोहळे इतके मोठे झाले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश राजविवाह बहुधा छोट्या खासगी प्रार्थनागृहांत व्हायचे. १९१७-१८ मध्ये रशिया, जर्मनी, ऑस्ट्रियाची सिंहासनं कोसळली. १९१७ मध्येच पाचव्या जॉर्जने घराण्याचं जर्मन नाव बदलून विंडसर केलं आणि मुलांना ब्रिटिश कुटुंबांत सोयरीक करायला मोकळीक दिली. फेब्रुवारी १९१९ मध्ये राजकन्या पॅट्रिशियाचं लग्न वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झालं. तिथे १३८२ नंतर राजघराण्यातलं लग्न लागलंच नव्हतं. मिरवणूक, बाल्कनी, गर्दी ही आज सनातन वाटणारी रचना बरीचशी इथून पुढची आहे.

मग साधनं वाढत गेली. १९२३ च्या राजविवाहाचं रेडिओ प्रसारण अ‍ॅबीने नाकारलं, १९३४ मध्ये झालं, आणि १९६० मध्ये राजकन्या मार्गारेटचं लग्न दूरचित्रवाणीवर दिसलं. जपानमध्ये १० एप्रिल १९५९ च्या अकिहितो-मिचिको विवाहाआधी घरोघर टीव्ही घेतले गेले. मिचिको शोदा उद्योगपतीची मुलगी, युवराजाशी तिची ओळख टेनिस कोर्टवर झालेली. युद्धात हरलेल्या देशाला ते लग्न नव्या काळाची खूण वाटलं.

आणि आपुलकी खरी असते, ती नाकारू नये. नोव्हेंबर १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा ब्रिटनमध्ये कपडे रेशनवर होते. अनेक बायकांनी स्वतःची कपड्यांची कूपनं तिला पोस्टाने पाठवली. कूपन दुसऱ्याला देणं बेकायदेशीर होतं, म्हणून ती सगळी परत करावी लागली. राज्यकारभार कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, पण लग्नघर प्रत्येकाने पाहिलेलं असतं.

या गर्दीला धोकेही असतात. मारी आंत्वानेतच्या लग्नानिमित्त ३० मे १७७० ला पॅरिसमध्ये आतषबाजी झाली. चौकातून बाहेर पडायच्या वाटा अरुंद होत्या, चेंगराचेंगरी झाली, अधिकृत आकडा १३२ मृतांचा आहे. ३१ मे १९०६ ला माद्रिदमध्ये तेराव्या अल्फोन्सोच्या वरातीवर फुलांच्या गुच्छात दडवलेला बॉम्ब फेकला गेला. राजाराणी वाचले, अनेक जण ठार झाले.

पांढरा पोशाख व्हिक्टोरियानेच सुरू केला का?

पांढऱ्या वधू तिच्या आधीही होत्या. स्कॉट्सची राणी मेरी १५५८ मध्ये पांढऱ्यात होती. पण १० फेब्रुवारी १८४० च्या लग्नात व्हिक्टोरियाने राजवस्त्रं टाळून लंडनच्या स्पिटलफील्ड्सचं पांढरं सॅटिन आणि हॉनिटनची हातलेस निवडली. मशीनच्या लेसमुळे हातलेस करणाऱ्या कारागीर बायकांचं काम बुडत चाललं होतं. नक्षीचे नमुने नंतर नष्ट केले, कोणी नक्कल करू नये म्हणून. छापील चित्रं दूरवर गेली आणि रंग रूढ झाला.

प्रेक्षकसंख्येचे आकडे विश्वासार्ह असतात का?

जागतिक आकडे सहसा नाहीत. १९८१ च्या चार्ल्स-डायना विवाहाला ७५ कोटी प्रेक्षक हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. २०११ च्या विल्यम-केट विवाहाचा २०० कोटींचा आकडा तर लग्नाआधीच जाहीर झाला होता. एका देशातली मोजलेली प्रेक्षकसंख्या मिळाली तर तीच वापरावी.

एखाद्या राजविवाहावर लिहायचं असेल तर कुठे चुका होतात?

तारखांत सर्वांत जास्त. इंग्लंडने नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं. त्यामुळे ब्रॅगान्झाच्या कॅथरीनचं लग्न इंग्रजी कागदात २१ मे १६६२ आणि पोर्तुगीज कागदात ३१ मे दिसतं, दोन्ही बरोबर. प्रतिनिधीमार्फतचा विधी आणि प्रत्यक्ष विधी यांच्या तारखाही वेगळ्या धराव्यात. क्रमांकांत गोंधळ होतो: स्कॉटलंडचा सहावा जेम्स हाच इंग्लंडचा पहिला. ठरलेला हुंडा आणि पोचलेला हुंडा हे दोन आकडे वेगळे नोंदवावेत. आरागॉनच्या कॅथरीनच्या २ लाख क्राउनपैकी पहिल्या लग्नाच्या वेळी निम्मेच पोचले होते, आणि उरलेल्या पैशांच्या वादात ती विधवा मुलगी सात वर्षं इंग्लंडमध्ये अडकून पडली.